अंतराळाचे निस्तारपत्रक कोण लिहिणार?

कळमेश्वर तालुक्यातील संत्र्याच्या बागायतदाराला फेब्रुवारी-मार्चचे दिवस मोठ्या धास्तीत काढावे लागतात. मृग बहराची फळे तोडणीला आलेली असतात, आंबिया बहराचा ताण तोडून झाडे फुलावर आलेली असतात, आणि नेमक्या याच दिवसांत विदर्भाच्या आकाशात गारांचे ढग दाटून येतात. अर्ध्या तासाच्या गारपिटीत वर्षाची मिळकत मातीला मिळते. अशा वेळी तो हवामानाच्या अंदाजाकडे डोळे लावून बसतो. ज्या ढगांच्या चित्रांवरून हा अंदाज बांधला जातो ती चित्रे सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवरील इन्सॅट मालिकेतील उपग्रह धाडतात. पिकाखालील क्षेत्र, तलावांतील पाणी, वनांची स्थिती यांचे नकाशे तयार होतात ते त्याहून पुष्कळ खालून, पाचशे ते आठशे किलोमीटर उंचीवरून, ध्रुवावरून ध्रुवाकडे फिरणाऱ्या दूरसंवेदन उपग्रहांच्या छायाचित्रांवरून. ही छायाचित्रे वाचण्याचे काम करणारे महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र तर कळमेश्वरपासून तासाभराच्या वाटेवर, नागपुरातच आहे. सारांश, कळमेश्वरची बाग आणि अंतराळ यांचा संबंध आता पंचांगापुरता राहिलेला नाही.

या उपग्रहांची वाट मात्र पूर्वीसारखी मोकळी उरलेली नाही. भारतीय अवकाश संशोधन संस्थेला म्हणजे इस्रोला आपले उपग्रह कचऱ्याच्या वाटेतून बाजूला काढण्यासाठी २०२१ मध्ये १९ वेळा, २०२२ मध्ये २१ वेळा आणि २०२३ मध्ये २३ वेळा त्यांची कक्षा बदलावी लागली. २०२४ मध्ये ही संख्या दहावर आली. ही घट पाहून धोका निम्म्यावर आला असे कोणी समजू नये. वस्तूचे स्थान जितके अचूक कळते तितके विनाकारण बाजूला होण्याचे प्रसंग टळतात; वर फिरणाऱ्या वस्तूंची संख्या त्याने कमी होत नाही. युरोपीय अवकाश संस्थेच्या २०२५ च्या अहवालानुसार माग ठेवता येईल अशा सुमारे ४०,००० वस्तू पृथ्वीभोवती फिरत आहेत आणि त्यांपैकी चालू स्थितीतील उपग्रह सुमारे ११,००० आहेत. उरलेले सारे भंगार. एक सेंटिमीटरहून मोठ्या तुकड्यांची अंदाजित संख्या बारा लाखांच्या वर जाते, आणि त्यांतील बहुसंख्य तुकडे कोणत्याही रडारला दिसत नाहीत.

विदर्भाला या भंगाराचे प्रत्यक्ष दर्शन एकदा घडले आहे. २ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याची संध्याकाळ. आकाशातून जळत जाणारे गोळे विदर्भाच्या पुष्कळ भागांतून लोकांनी पाहिले. कोणी उल्का म्हटले, कोणी विमान कोसळले म्हटले. त्या रात्री चंद्रपूर जिल्ह्यातील सिंदेवाही तालुक्यात लाडबोरी गावाच्या मोकळ्या जागेत सुमारे तीन मीटर व्यासाचे धातूचे कडे पडलेले आढळले. मागाहून पवनपार परिसरात धातूचा गोळाही सापडला. फेब्रुवारी २०२१ मध्ये चीनने सोडलेल्या चांग झेंग-३बी प्रक्षेपकाच्या वरच्या टप्प्याचे हे अवशेष असावेत, असा निष्कर्ष या विषयाच्या अभ्यासकांनी काढला. कोणाला इजा झाली नाही, हे त्या गावाचे सुदैव. कडे पोलीस ठाण्यात ठेवले गेले, वृत्तपत्रांना दोन दिवस विषय मिळाला आणि प्रकरण संपले. वस्तुतः लाडबोरीचे कडे हा या प्रश्नाचा सर्वांत निरुपद्रवी भाग होता. खाली येऊन पडलेले भंगार वरची जागा तरी मोकळी करते. खरा प्रश्न खाली न येणाऱ्या भंगाराचा आहे.

आठशे किलोमीटरच्या आसपास हवा इतकी विरळ असते की तेथे सुटलेला तुकडा शतक उलटले तरी फिरतच राहू शकतो. त्याचा वेग सेकंदाला सुमारे साडेसात किलोमीटर. नागपूर ते कळमेश्वर हे अंतर त्याला तीन सेकंदांचे. या वेगाने येणारा सुपारीएवढा तुकडाही उपग्रह निकामी करण्यास पुरेसा होतो. १० फेब्रुवारी २००९ रोजी इरिडियम-३३ हा चालू स्थितीतील अमेरिकी दळणवळण उपग्रह आणि कॉसमॉस-२२५१ हा निकामी रशियन उपग्रह सैबेरियावर सुमारे ७९० किलोमीटर उंचीवर एकमेकांवर आदळले. दोन अखंड उपग्रहांची ती पहिली टक्कर. तिच्यातून माग ठेवता येतील असे दोन हजारांवर तुकडे निघाले. डोनाल्ड केसलर आणि बर्टन कूर-पाले या दोघा अमेरिकी शास्त्रज्ञांनी १९७८ मध्येच इशारा दिला होता की एका मर्यादेपलीकडे तुकड्यांतून टकरा आणि टकरांतून तुकडे अशी मालिका आपोआप चालू राहील. कर्जावरचे व्याज मुदलात मिळून पुन्हा व्याज धरू लागावे, तसाच हा हिशेब.

टक्कर टाळण्याची रीत ऐकण्यास सोपी आहे. दोन वस्तू एकमेकींच्या फार जवळून जाणार असल्याची सूचना काही दिवस आधी मिळते. २०२३ मध्ये भारतीय उपग्रहांसंबंधी अशा सुमारे एक लाख सूचना अमेरिकेच्या अंतराळ कमांडकडून आल्या. बंगळूरच्या केंद्रातील शास्त्रज्ञ त्या आपल्या अधिक अचूक माहितीशी ताडून पाहतात. लाखातील बहुतेक सूचना या चाळणीत गळून पडतात. जी थोडी प्रकरणे उरतात त्यांत उपग्रहाचे छोटे इंजिन काही क्षण चालवले जाते. वेगात सेकंदाला काही सेंटिमीटरांचा फरक पडला तरी पुरे होते, कारण तेवढ्याने उपग्रह ठरल्या जागी किंचित आधी किंवा किंचित उशिरा पोहोचतो आणि तुकडा तोवर निघून गेलेला असतो. मात्र नवी वाट तिसऱ्याच एखाद्या तुकड्याच्या वाटेत तर जात नाही ना, हे आधी तपासावे लागते. मग उपग्रह पुन्हा मूळ कक्षेत आणावा लागतो, आणि त्या अवधीत छायाचित्रांचे काम खोळंबते. उड्डाणापूर्वीही हीच सावधगिरी घ्यावी लागते: जुलै २०२३ मध्ये चांद्रयान-३ चे उड्डाण चार सेकंदांनी पुढे ढकलण्यात आले ते याच कारणाने. चंद्राभोवतीही ही वेळ येऊन गेली आहे. ऑक्टोबर २०२१ मध्ये चांद्रयान-२ ला अमेरिकेच्या चांद्रयानाच्या वाटेतून बाजूला व्हावे लागले. तेथे दोन्ही पक्षांत आधी बोलणे झाले होते, म्हणून प्रकरण सुरळीत पार पडले.

बोलणे झाले नाही किंवा हिशेब जुळले नाहीत म्हणजे काय होते, याचा धडा २७ नोव्हेंबर २०२० ने दिला. भारताचा कार्टोसॅट-२एफ आणि रशियाचा कानोपस-व्ही हे दोन्ही चालू स्थितीतील उपग्रह त्या दिवशी एकमेकांच्या जवळून गेले. रशियन संस्थेने जाहीर केले की अंतर अवघे २२४ मीटर होते आणि भारतीय उपग्रह धोकादायक रीतीने जवळ आला. इस्रोचे म्हणणे असे पडले की अंतर सुमारे ४२० मीटर होते आणि एवढ्या अंतरात हालचाल करण्याचे कारणच नव्हते. १५० मीटरच्या आसपास येण्याची शक्यता असती तर विचार केला असता. दोन मित्रराष्ट्रे, दोन्ही संस्था शासकीय, दोघांकडे निष्णात माणसे. आणि एकाच प्रसंगाच्या मोजमापात जवळजवळ दुपटीचे अंतर! अशा वेळी कोणी बाजूला व्हावे? रस्त्यावर डावी बाजू असते, समुद्रात जहाजांसाठी नियम असतात, एकेरी मार्गावर कोणती गाडी थांबायची हे स्टेशनमास्तर ठरवतो. अंतराळात असा कोणताही बंधनकारक नियम नाही. सप्टेंबर २०१९ मध्ये युरोपीय संस्थेचा एओलस उपग्रह आणि स्पेसएक्स कंपनीचा स्टारलिंक-४४ यांची गाठ पडण्याचा संभव वाढला, तेव्हा कंपनीच्या निरोपयंत्रणेतील बिघाडामुळे वाढत्या धोक्याचा निरोप संबंधित माणसापर्यंत पोहोचलाच नाही, आणि युरोपियनांनी मुकाट्याने आपला उपग्रह बाजूला घेतला. बाजूला कोण झाला? ज्याला आपल्या उपग्रहाची चिंता अधिक होती तो. व्यवहारातील नियम आज एवढाच आहे.

येथे प्रश्न शास्त्राचा संपतो आणि अर्थशास्त्राचा सुरू होतो. उपग्रह पुष्कळदा बिघडून मरत नाही. त्याचे इंधन संपते म्हणून तो सेवेतून जातो. प्रत्येक बाजूला होणे म्हणजे त्या मोजक्या इंधनातील काही ग्रॅम, म्हणजेच उपग्रहाच्या आयुष्यातील काही दिवस. ते दिवस कोणाच्या खात्यातून गेले? भारतीय करदात्याच्या. आणि कोणाच्या करणीमुळे? ११ जानेवारी २००७ रोजी चीनने आपलाच फेंगयुन-१सी हा हवामान उपग्रह सुमारे ८६० किलोमीटर उंचीवर क्षेपणास्त्राने फोडला. त्याचे तीन हजारांवर तुकडे नोंदले गेले. १५ नोव्हेंबर २०२१ रोजी रशियाने कॉसमॉस-१४०८ फोडला. त्यातून दीड हजारांवर तुकडे निघाले. ज्याने घाण केली त्याला तिची किंमत मोजावी लागत नाही आणि जो वाट वाकडी करून जातो त्याला पदरमोड करावी लागते, याला अर्थशास्त्रात बाह्य परिणाम म्हणतात. लोकांच्या भाषेत याला दुसरा शब्द आहे, पण तो अग्रलेखाच्या पानावर छापण्याजोगा नाही.

विदर्भातील वाचकाला हे दुखणे नवे वाटू नये. जुन्या मध्यप्रांतात गावाच्या सामाईक जमिनीवर, तलावावर, झुडपी जंगलावर कोणाचा कोणता हक्क, हे लिहून ठेवण्याची पद्धत होती. गुरे कोठे चारावी, सरपण किती न्यावे, वाळू-मुरूम कोठून काढावा, मृत जनावरे कोठे टाकावी, ही सारी वहिवाट ‘निस्तारपत्रक’ आणि ‘वाजिब-उल-अर्ज’ या दोन कागदांत नोंदलेली असे. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेतही त्यांना जागा दिलेली आहे. ही व्यवस्था आदर्श होती असे कोणी म्हणणार नाही. मालगुजाराचा वरचष्मा तीत होताच. परंतु सामाईक वस्तू वापरायची तर नियम हवा, आणि नियम वापरणाऱ्यांना ठाऊक हवा, एवढे तत्त्व तीत होते. मालगुजारी १९५१ मध्ये गेली आणि पूर्व विदर्भातील कित्येक तलाव सरकारच्या ताब्यात आले. पाणी सर्वांना हवे होते, गाळ काढण्याची जबाबदारी मात्र कोणाचीच उरली नाही. तलाव उथळ होत गेले. अमेरिकी विचारवंत गॅरेट हार्डिन याने १९६८ मध्ये सामाईक मालमत्तेच्या या शोकांतिकेवर लिहिले तेव्हा त्याने गायरानाचाच दाखला घेतला होता: प्रत्येक गुराखी एक जनावर अधिक सोडतो, कारण लाभ त्याचा एकट्याचा आणि तोटा साऱ्या गावाचा.

हार्डिनचे निदान बरोबर होते, तरी या रोगाला उपाय नाही असा जो अर्थ त्यातून अनेकांनी काढला तो बरोबर नव्हता. एलिनोर ऑस्ट्रॉम या विदुषीने जगभरातील कुरणे, कालवे आणि मासेमारीची ठिकाणे अभ्यासून दाखवून दिले की वापरणाऱ्यांनी आपणच नियम केले, पाळत ठेवली आणि चुकणाऱ्याला दंड केला, तर सामाईक मालमत्ता पिढ्यानपिढ्या टिकते. २००९ चे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले. योगायोग असा की त्याच वर्षी गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा-लेखा गावाला आपल्या जंगलावरील सामूहिक हक्क मिळाला. ग्रामसभेत सर्वांच्या संमतीने निर्णय घेण्याची त्या गावाची रीत प्रसिद्धच आहे. अंतराळात मात्र मेंढा-लेखासारखी ग्रामसभा भरणे कठीण, कारण तेथील गावकरी म्हणजे बलाढ्य राष्ट्रे आणि आता त्यांच्याही पुढे धावणाऱ्या कंपन्या. एकट्या स्टारलिंकच्या उपग्रहांनी मे २०२३ अखेरच्या सहा महिन्यांत पंचवीस हजारांवर वेळा टक्कर टाळण्यासाठी हालचाल केली होती. मे २०२५ अखेरच्या सहा महिन्यांत हा आकडा सुमारे १ लाख ४४ हजारांवर गेला. कंपनी धोक्याची मर्यादा इतरांहून कडक ठेवते, हे तिच्या बाजूने नमूद केले पाहिजे. परंतु इतके उपग्रह सतत जागा बदलू लागले म्हणजे उद्याची त्यांची जागा आज कोणाला सांगता येणार? शेजाऱ्याचा अंदाज जितका अस्थिर, तितकी आपली सूचनांची यादी लांब.

कायदा आहे, पण तो तोकडा आहे. १९७२ च्या दायित्व करारानुसार अंतराळातील वस्तूने पृथ्वीवर नुकसान केले तर सोडणारे राष्ट्र पूर्ण जबाबदार धरले जाते. जानेवारी १९७८ मध्ये कॉसमॉस-९५४ हा अणुभट्टी असलेला सोव्हिएट उपग्रह कॅनडात कोसळला, तेव्हा कॅनडाने सुमारे साठ लाख डॉलर मागितले आणि १९८१ मध्ये तीस लाखांवर तडजोड झाली. लाडबोरीत एखादे घर कोसळले असते तर भारतालाही हा मार्ग मोकळा होता. मात्र नुकसान अंतराळातच झाले तर दुसऱ्याचा दोष सिद्ध करावा लागतो. दहा सेंटिमीटरच्या तुकड्यावर कोणाचे नाव असते? आणि टक्कर झालीच नाही, केवळ टाळण्यासाठी इंधन जळाले, तर दाद मागण्यास जागाच नाही. संयुक्त राष्ट्रांच्या समितीने २०१९ मध्ये २१ मार्गदर्शक तत्त्वे मान्य केली. ती सर्व ऐच्छिक आहेत. अमेरिकेच्या दळणवळण आयोगाने ऑक्टोबर २०२३ मध्ये डिश कंपनीला आपला जुना एकोस्टार-७ उपग्रह ठरलेल्या उंचीवर न नेल्याबद्दल दीड लाख डॉलर दंड केला. अशा कारणासाठी झालेला हा पहिलाच दंड म्हणून त्याचे स्वागत झाले. एवढ्या मोठ्या कंपनीला दीड लाख डॉलर म्हणजे वाचनालयाचे पुस्तक उशिरा परत केल्याचा आकार.

परक्यांवर बोट रोखताना आपला हातही पाहावा लागतो. १९ डिसेंबर २००१ रोजी आपल्या पीएसएलव्ही-सी३ प्रक्षेपकाचा चौथा टप्पा कक्षेत फुटला आणि त्याचे तीनशेहून अधिक तुकडे झाले. त्यांपैकी काही वीस वर्षांनंतरही फिरत होते. २७ मार्च २०१९ च्या ‘मिशन शक्ती’ या चाचणीत आपणही एक उपग्रह फोडला. उंची सुमारे तीनशे किलोमीटर निवडली होती, त्यामुळे तुकडे लवकर खाली येतील हा हिशेब मुळात योग्य होता. तरी सांगितलेल्या पंचेचाळीस दिवसांहून पुष्कळ अधिक काळ काही तुकडे वर राहिले, हेही खरे. त्या दिवशीच्या जल्लोषात ही बाजू मांडणारे आवाज फारसे ऐकू आले नाहीत.

त्यानंतरची वागणूक मात्र समाधान वाटावे अशी आहे. कार्टोसॅट-२ हा २००७ मध्ये सोडलेला उपग्रह निरुपयोगी झाल्यावर त्याला तसेच वर सोडून देता आले असते. आपोआप खाली येण्यास त्याला सुमारे तीस वर्षे लागली असती. २०२० मध्ये त्याच्यातील २६ किलो इंधन खर्चून त्याची कक्षा ६३५ किलोमीटरवरून ३८० वर आणली गेली आणि १४ फेब्रुवारी २०२४ रोजी तो हिंदी महासागरावर वातावरणात शिरून नष्ट झाला. भारत-फ्रान्सचा मेघा-ट्रॉपिक्स ७ मार्च २०२३ रोजी हेतुपूर्वक प्रशांत महासागराच्या निर्मनुष्य भागावर उतरवण्यात आला. एप्रिल २०२४ मध्ये बंगळूर येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय बैठकीत इस्रोने संकल्प सोडला की २०३० पर्यंत भारताच्या सर्व मोहिमा, शासकीय आणि खाजगी दोन्ही, कचरारहित असतील.

संकल्पातील ‘खाजगी’ हा शब्द महत्त्वाचा आहे. इस्रो तोटा सोसून सव्वीस किलो इंधन राखून ठेवील, कारण तिला भागधारकांना उत्तर द्यायचे नाही. नफ्यासाठी उतरलेली कंपनी तेच इंधन आणखी वर्षभर महसूल मिळवण्यास वापरील, आणि त्याबद्दल तिला दोष देणे व्यर्थ आहे. दोष नियम न करणाऱ्याचा. अमेरिकेतील राव, बर्जेस आणि काफाइन या तिघा अभ्यासकांनी २०२० मध्ये सुचवले की कक्षेत असलेल्या प्रत्येक उपग्रहावर वार्षिक वापरशुल्क आकारावे आणि ते वाढवीत २०४० पर्यंत दर उपग्रहामागे सुमारे २ लाख ३५ हजार डॉलरवर न्यावे. असे केल्यास या उद्योगाचे एकूण मूल्य सहाशे अब्ज डॉलरवरून तीन हजार अब्जांवर जाईल, असा त्यांचा हिशेब आहे. शुल्काने उद्योग बुडतो हे रडगाणे नेहमीचेच. येथे शुल्काने उद्योग वाढतो, कारण गर्दी आटोक्यात राहते. तथापि असे शुल्क एकट्या देशाने लावले तर कंपन्या दुसऱ्या देशाच्या झेंड्याखाली जातील, हा आक्षेप निरुत्तर करणे कठीण आहे.

म्हणून तूर्त भारताला जमण्यासारखा मार्ग अनामत रकमेचा. उमरेड-सावनेर भागात कोळशाची खाण चालवणाऱ्याला खाण बंद करतेवेळी जमीन सावरण्यासाठी वेगळ्या खात्यात आधीच पैसे भरत राहावे लागतात. काम केले तर रक्कम परत, नाही केले तर सरकार त्या पैशातून करून घेते. उपग्रह सोडणाऱ्या कंपनीकडून अशीच अनामत घ्यावी आणि उपग्रह ठरल्या मुदतीत खाली आणल्यावर ती व्याजासह परत करावी. ज्याला खाली आणायचा आहे त्याला यात काहीच तोटा नाही. त्याच्या जोडीला आपली स्वतःची पाळत हवी. आज लाखभर सूचनांसाठी आपण दुसऱ्या राष्ट्राच्या सौजन्यावर अवलंबून आहोत, आणि सौजन्य हे करारपत्र नव्हे. इस्रोने हाती घेतलेला ‘नेत्र’ हा रडार-दुर्बिणींचा प्रकल्प खर्चाची बाब म्हणून रेंगाळत ठेवणे परवडणार नाही. दोनशे चोवीस की चारशे वीस या वादात शेवटी ज्याचे मोजमाप जगाला दाखवता येईल त्याचेच म्हणणे टिकते.

अंतराळ व्यवहारांच्या कायद्याचा मसुदा केंद्राने २०१७ मध्ये प्रसिद्ध केला होता. २०२३ मध्ये आले ते धोरण. धोरणात दंड नसतो. मात्र खाजगी उड्डाणांना मान्यता देण्याचे काम ‘इन-स्पेस’ या संस्थेकडे आहे, आणि मान्यतापत्रात अनामतीची एक अट घालण्यासाठी तिला जिनिव्हा वा न्यूयॉर्क येथील एकमताची वाट पाहण्याचे कारण नाही.